नंदाबाईच्या डोक्यावरची झाल

नंदाबाईला मागून हाक मारायची नाही, हे वडिवळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मारलीच, तर ती चालता चालता जागीच थांबायची, मग एकेक पाऊल टाकत, घाटात अडकलेला कंटेनर वळावा तशी सगळीच्या सगळी वळायची, आणि पुरती समोर आली की म्हणायची, "समोरनं यायला काय झालतं रे तुला?"

मग गावानंच सवय करून घेतली. उसनं मागायला आलेली शेजारीण वळसा घालून तिच्या पुढ्यात यायची. देवळात प्रदक्षिणा घालताना मागची माणसं तिला ओलांडून पुढं जायची आणि मगच बोलायची. तिचा नवरा कैलास शेतावरून परसदारी आला तरी आधी खाकरायचा, मग घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत शिरायचा. नंदाबाई मान डोलवून होकार देत नसे, तोंडानं "व्हय" म्हणे. तांब्या वर धरून पाणी पीत नसे. चहा बशीत ओतून बशीच सरळ ओठांशी नेई. केस धुवायचे म्हणजे वाकणं आलं आणि वाकणं म्हणजे मान खाली घालणं आलं, म्हणून डोक्यावरून पाणी कैलास घाली. चांगला उंचापुरा, खाचरात पॉवर टिलर चालवणारा गडी दर रविवारी बायकोच्या केसांना शिकेकाई लावतो, याचं गावात हसू व्हायचं. कैलासला त्याचं काही वाटत नसे. खरं तर त्याला ते काम आवडायचं, पण हे तो कुणाला सांगत नव्हता.

सगळ्यात मोठी पंचाईत आभाळाची होती. कामशेतच्या या डोंगरांवर हिवाळा लागला की पार पावसाळ्यापर्यंत रंगीत छत्र्यांना लटकून माणसं उडायला लागतात. पुण्या-मुंबईची येतात, परदेशातली येतात, पैसे देऊन डोंगरावरून उडी घेतात आणि धरणाच्या पाण्यावरून तरंगत जातात. सगळं वडिवळे माना वर करून बघतं. नंदाबाईनं सात वर्षांत एकही उडता माणूस पाहिला नव्हता. तिच्या ओळखीच्या होत्या त्या फक्त सावल्या. अंगणात पापड वाळत घातलेले असले की त्यांच्यावरून एक भलीमोठी सावली सरकत जायची आणि नंदाबाई पापडांकडे बघत म्हणायची, "गेला येक."

हे सगळं सात वर्षांपूर्वी एका भाऱ्यापासून सुरू झालं होतं. भाताची काढणी चालली होती. भारा डोक्यावर घेऊन बांधावरून उतरताना तिचा पाय घसरला. ती पडली नाही, भाराही सोडला नाही, कारण हातातलं काम टाकणं तिच्या रक्तातच नव्हतं. पण मानेला असा हिसका बसला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. महिनाभर मान धरली, मग सुटली, मग पुन्हा धरली. फोटो काढला. दवाखान्यात कुणीतरी तो फोटो उजेडापुढं धरून म्हणालं, "मणक्यात गॅप आहे, जपा." एवढेच शब्द घेऊन ती घरी आली. पुढचं काम शेजारणींनी केलं. एकीच्या मामेसासऱ्याची म्हणे अशीच शीर दबली, तो अजून खाटेवर आहे. एकीच्या माहेरची बाई एसटी आली का म्हणून वळून बघायला गेली आणि तशीच राहिली, अजून तिकडंच बघतेय. शेवटची गोष्ट हसण्यासारखी होती, पण त्या दिवशी नंदाबाईला हसू आलं नाही. तिला स्वतःची खाट दिसली. खाटेशेजारी भांडं, कोपऱ्यात काठी, आणि चुलीपुढं भाकरी थापत बसलेला कैलास.

म्हणून ती मान जपायला लागली. जपलेली मान आखडत गेली. आणि ती जितकी आखडली तितकी नंदाबाईची खात्री पटत गेली की आत काहीतरी नक्की मोडलंय, फक्त अजून सुटून पडलेलं नाही.

निलेश, तिचा एकुलता एक मुलगा, तळेगावच्या कंपनीत लागला. त्याला तुंगार्लीची समीक्षा सांगून आली. मुलगी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर कामाला, वडील बंगल्यांची देखभाल बघणारे, घर माळकरी. भात कापून झाल्यावर मंडळी मुलगी बघायला गेली. निलेशला मुलगी आवडली हे त्याच्या कानांवरूनच कळत होतं, इतके ते लाल झाले होते. अडचण झाली ती बायकांत. समीक्षा पाया पडायला वाकली तेव्हा नंदाबाईनं समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत आशीर्वाद दिला. सून खाली, सासूची नजर वर. समीक्षाची आई अनिता त्या दिवशी रात्री नवऱ्याला म्हणाली, "विहीणबाई लय ताठ हायेत हो. पोरीकडं बघितलं बी न्हाई."

इकडं नंदाबाईही काही खूश नव्हती. निघताना हळदीकुंकू लावायला अनिता स्वतः उठलीच नाही. तिनं आपल्या जावेला पुढं केलं. "साधं कुंकू लावायला हात झिजत व्हता का बाईचा?" नंदाबाई गाडीत बसल्यावर म्हणाली. कैलास समोर रस्त्याकडं बघत राहिला. लग्नाच्या बोलण्यात पुरुषानं कधी गप्प बसावं हे त्याला चांगलं कळत होतं.

तरी सोयरीक जमली. सुपारी फुटली, पेढे वाटले, आणि चहाच्या वेळी समीक्षाचे चुलते मोठ्या उत्साहानं म्हणाले, "झालीची टोपली आमी खास बुरुडाकडनं करून घेणार बरं का. मोठी. विहीणबाईंच्या डोक्यावर शोभली पायजे."

नंदाबाईच्या हातातली बशी थांबली.

झाल ती विसरलीच होती. लग्न लागलं की पाठवणीच्या आधी मुलीची आई वेळूची टोपली घेते, तीत कणकेचे दिवे पेटवते आणि ती टोपली मुलाच्या आईच्या डोक्यावर ठेवते. आमची लेक आता तुमच्या पदरात, असं त्यातून सांगायचं असतं. मग तीच झाल सासऱ्याच्या, आत्याच्या, मावशीच्या डोक्यावरून फिरते. पण पहिली सासूच्या. सासूनं झाल घेतली नाही म्हणजे सून घेतली नाही, इतकं ते सरळ आहे.

रात्रभर ती छताकडं बघत पडली. सकाळी चुलीपुढं तिनं कैलासला एकेक तोड सुचवायला सुरुवात केली.

"रजिष्टर लगीन करू. हल्ली समदी करत्यात."

"पोरीचं चुलतं टोपली सांगून बसल्यात," कैलास म्हणाला.

"मग झाल वन्संच्या डोक्यावर ठिवू. त्या दांडग्या हायेत."

"मग सून बी माज्या भनीकडंच नांदाया जाईल."

"थट्टा सुचतीय तुमाला! मांडवात माझी मान मोडली तर? समद्यांच्या म्होरं पडंन मी. त्यो फोटुवाला फोटु काढंल."

कैलास हसला नाही. तो तिच्यासमोर पाटावर बसला आणि म्हणाला, "नंदे, मी सात वर्सं तुझ्या डोक्यावरनं पाणी घालतोय. मी न्हाई म्हनलो का कदी? पर पोराच्या लग्नात तू भिंतीला टेकून बसनार, आनि झाल दुसरीच कुनीतरी घेनार, ह्ये मला बघवायचं न्हाई." एवढं बोलून तो म्हशीकडं गेला. नंदाबाईला रडू आलं. रडतानाही ती मान सरळ ठेवून रडली, त्यामुळं पाणी गालांवरून नीट हनुवटीपर्यंत आलं.

निलेशच्या कंपनीतल्या एकाची कंबर देहूरोडच्या फिजिओथेरपीवाल्या अमृता मॅडमनी बरी केली होती. नंदाबाईला देहूरोड पसंत पडलं ते मॅडमपेक्षा अंतरामुळं. कामशेतात गेलं तर दुपारपर्यंत वडिवळ्याला कळणार आणि संध्याकाळपर्यंत तुंगार्लीला. नवऱ्या मुलाची आई दवाखान्याच्या फेऱ्या मारते म्हटल्यावर ती माणसं काय म्हणतील? म्हणून गावात असं सांगण्यात आलं की नंदाबाई देहूरोडला साड्या बघायला जाते. देहूरोडला कुठल्या साड्या मिळतात, असं दोघी-तिघींनी विचारलंही. नंदाबाईला मान वळवता येत नव्हती, त्यामुळं तो प्रश्न ऐकलाच नाही असं दाखवणं सोपं गेलं.

अमृताचा दवाखाना स्टेशनजवळ दोन खोल्यांचा होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली लाकडी फळीवर मणक्यांचा एक नमुना आणि त्याच्या टोकाला कुणीतरी अडकवलेली टोपी. अमृता तिशीची, तिचे वडील तिथल्याच लष्करी डेपोत नोकरीला होते. तिनं नंदाबाईचा जुना फोटो पाहिला, हातात हात घेऊन जोर लावायला सांगितला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, चालून दाखवायला सांगितलं. मग स्टूल ओढून समोर बसली.

"मावशी, मान दुखते म्हणून हलवत नाही, की दुखेल म्हणून हलवत नाही?"

नंदाबाईला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रोज दुकती असं न्हाई," ती शेवटी म्हणाली. "पर हलवली आनि मोडली तर?"

"मोडली तर काय होईल?"

"खाट," नंदाबाई म्हणाली.

अमृतानं तिला पाणी दिलं. "हातापायांत ताकद आहे, मुंग्या नाहीत, चालणं सरळ आहे. शीर दबलेली नाही तुमची. तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांचा फोटो असाच येतो, आणि त्यांतल्या निम्म्या आत्ता शेतात वाकलेल्या असतील. मान हलण्यासाठीच असते मावशी. इतकी वर्षं बांधून ठेवलीत म्हणून ती कुरकुर करते. आता थोडी सोडा. दुखेल, पण दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही."

मग तिनं घड्याळाकडं बघायला सांगितलं. घड्याळ डाव्या भिंतीवर होतं. नंदाबाईनं कैलासचा हात गच्च धरला आणि मान तसूभर वळवली. आतून 'कट्' असा आवाज आला. "मोडली!" नंदाबाई किंचाळली. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून उभे राहिले.

"बोटं मोडताना आवाज येतो ना? बोट तुटतं का?" अमृतानं शांतपणे विचारलं. "आता सांगा, किती वाजले?"

"सव्वाअकरा," नंदाबाई म्हणाली, आणि आपण घड्याळ बघून सांगितलं हे तिच्या लक्षात आलं.

घरी जाऊन रोज एक छोटी गोष्ट करायची होती, कमी भीतीची आधी. पहिल्यांदा तिनं ताटाकडं बघून जेवायला सुरुवात केली. आजवर चाचपडत जेवायची. ताटात बघितलं तेव्हा कळलं की बोंबलाचा मोठा तुकडा कैलास रोज गुपचूप तिच्या बाजूला सारतो. त्या दिवशी तिनं तो उचलून त्याच्या ताटात टाकला आणि कैलास इतका लाजला की दोन भाकऱ्यांवरच उठला. मग ती पाट्यावर वाटायला बसली. मग म्हशीखाली. एक दिवस कैलासनं सवयीनं घराला वळसा घातला आणि पुढच्या दारानं आत आला, तर ती चुलीपाशी बसून मागच्या दाराकडं मान वळवून त्याची वाट बघत होती.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला ती एकटीच देहूरोडला गेली. शेजारच्या खोलीतून अमृताचा आवाज आला, "मावशी, या आत, पडद्यापलीकडे बसा." नंदाबाईनं पडदा सारला. आत छताच्या आकड्याला एक कप्पी टांगली होती, विहिरीवर असते तशी, आणि तिच्या दोरीची दोन टोकं दोन हातांत धरून एक बाई डाव्या हातानं ओढत होती आणि त्या ओढीनं उजवा हात कण्हत कण्हत वर चढत होता.

ती अनिता होती. समीक्षाची आई.

दोघींची तोंडं उघडी राहिली. दोरी अनिताच्या हातातून सुटली आणि कप्पी गरगर फिरली.

"मी... साड्या बघाया आलते," नंदाबाई म्हणाली.

"मी बी साड्याच," अनिता म्हणाली.

देहूरोडच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दोन विहिणी साड्या शोधत उभ्या होत्या. लग्न आता मोडणार, हे दोघींच्याही मनात एकदमच आलं. नंदाबाईला वाटलं, या बाईला कुणीतरी सांगितलं, ही पाळतीवर आलीय. अनिताला वाटलं, पोरीच्या आईचा हात कामातून गेलाय हे बघायलाच विहीणबाई इथवर आल्या. आधी रडू फुटलं ते अनिताला.

"खांदा धरलाय माजा," ती म्हणाली. "उजवा हात छातीच्या वर जात न्हाई. सहा-सात म्हैनं झालं. तुमाला कुंकू लावायचं व्हतं, डाव्या हातानं कसं लावू? म्हनून जावंला उठवलं. आता झाल कशी उचलू? तुमच्या डोक्यावर ठिवताना हात सुटला तर, ह्याच्यापायी झोप न्हाई मला. पोरीला बी सांगितलं न्हाई. विहीणबाई, ह्याच्यावरनं लगीन मोडू नका."

नंदाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या पोटातून हसू यायला लागलं. ती खुर्चीचा आधार घेऊन हसली, डोळे पुसत हसली. "अवो, ठिवनारीचा हात वर जात न्हाई आनि घेनारीची मान हलत न्हाई!" ती म्हणाली. "मी ताठ न्हाई वो विहीणबाई. माजी मान धरलीय सात वर्सं. पोरगी पाया पडली तवा खाली बघायचं धाडस झालं न्हाई मला."

अनिताचं रडणं मध्येच थांबलं. "म्हंजे तुमी कॅलेंडराकडं..."

"मला वाटलं तिथी बघतीय असं दिसंल."

अमृता आत आली तेव्हा दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसत होत्या, आणि अनिताचा उजवा हात नेहमीपेक्षा चार बोटं वर होता. अमृतानं ते टिपून घेतलं. सगळं कळल्यावर तिनं त्या दोघींच्या वेळा एकच केल्या.

पुढं दर आठवड्याला देहूरोडच्या त्या खोलीत झालीची तालीम सुरू झाली. आधी घडी घातलेला टॉवेल. अनितानं उचलायचा, नंदाबाईनं डोक्यावर घ्यायचा, चार पावलं चालायची. मग स्टीलची परात. मग बाजारातून आणलेली टोपली आणि तीत बटाटे. बाहेरचे पेशंट पडदा बाजूला करून बघायचे. गुडघ्यासाठी येणारे एक रिटायर सुभेदार मोठ्यानं "लेफ्ट राइट" म्हणायचे. काम झालं की दोघी लोकलमध्ये खिडकीशी बसून वडापाव खात परतायच्या. कामशेतला नंदाबाई उतरायची आणि गाडी हलली की मान वळवून अनिताला हात करायची, जितकी वळेल तितकी. लोकांच्या लेखी मात्र दोघीही अजून साड्याच बघत होत्या.

आणि मग एक दिवस बटाटे सांडले. अनिताचा खांदा ऐन वरच्या टप्प्यावर लचकला, टोपली कलंडली, आणि ती सावरायला नंदाबाईनं मान झटकन फिरवली. बटाटे दवाखानाभर झाले. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, सुभेदारांनी बटाटे गोळासुद्धा केले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाबाईची मान पहिल्यासारखी धरली. खांद्यापर्यंत कळ जात होती. ती उठलीच नाही. सात वर्षांची सगळी भीती एका रात्रीत परत येऊन तिच्या उशाशी बसली होती. लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

"संपलं," ती कैलासला म्हणाली. "सांगा त्यास्नी. झाल वन्संच्या डोक्यावर."

अमृतानं फोनवर सांगितलं की हे होणारच होतं, बरं होताना मान अशी रुसते, दोन दिवस गरम शेक घ्या आणि थोडं थोडं हलवत राहा. नंदाबाईनं ऐकून घेतलं आणि मान हलवली नाही. कैलासला काय करावं सुचेना. शेवटी त्यानं गुपचूप तुंगार्लीला, अनितालाच फोन लावला.

तिसऱ्या दिवशी अनिता वडिवळ्यात हजर झाली. येताना समोरच्या दारानं यायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती परसातून आली. नंदाबाई अंगणात बाजेवर भिंतीला टेकून ताठ बसली होती, समोर वाळवण, आणि ती वाळवणाकडं बघत होती.

"विहीणबाई, मी सांगाया आलेय," अनिता तिच्या शेजारी बसत म्हणाली. "तुमी झाल घेतली न्हाई तर मी बी ठिवायची न्हाई. तुमच्या डोक्याकडं बघून माजा हात वर जातो. दुसऱ्या कुनाच्या डोक्यासाठी एवढं दुखनं मी सोसनार न्हाई. राहू द्या झाल. पोरीला आपली तशीच धाडू."

"तशीच कशी धाडनार?" नंदाबाई चिडून म्हणाली. "अशी कुनी पोरगी धाडत्यात व्हय?"

"मग काय करू? सांगा की."

तेवढ्यात पापडांवरून एक मोठी सावली सरकत आली. "गेला येक," नंदाबाई सवयीनं म्हणाली.

"कोन गेला?" अनितानं वर बघितलं आणि ती उभीच राहिली. "अगं बाई! विहीणबाई, बाई हाय ती! साडी खोचलीय आनि वर हेल्मेट! पाय बघा कशी हलवतीय. आपल्याएवढी असंल बघा. अवो बघा की, जाईल ती!"

साडी नेसून उडणारी बाई. नंदाबाईनं आजवर सगळ्या सावल्या पुरुषांच्याच धरल्या होत्या. सावलीला साडी दिसत नाही. तिनं बाजेची कड धरली. मान दुखत होती, चांगली दुखत होती. पण बाई चालली होती. नंदाबाईनं मान वर केली. कळ आली. आणखी वर केली. कळ तेवढीच राहिली, वाढली नाही. आणि वर पिवळ्या छत्रीखाली, पुढं बांधलेली, जांभळ्या लुगड्यातली एक थोराड बाई दोन्ही हात पसरून बोंबलत चालली होती, भीतीनं की आनंदानं ते खालून कळत नव्हतं. तिच्या मागं बांधलेला पोरगा हसत होता. पलीकडं आणखी दोन छत्र्या होत्या, एक लाल, एक हिरवी, आणि त्यांच्याही वर निळंभोर मोकळं आभाळ, सात वर्षांचं न बघितलेलं.

"तिला भ्या वाटत नसंल का?" नंदाबाई म्हणाली.

"वाटतंय की. कशी वरडतीय बघा. तरी उडतीय."

छत्री धरणापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत नंदाबाई बघत राहिली. मग तिनं मान खाली घेतली, हळूच, दोन्ही बाजूंना वळवून पाहिली. दुखत होती. जागच्या जागी होती. "टोपली आनलीय का?" तिनं विचारलं.

लग्न मे महिन्यात, कामशेतजवळच्या कार्यालयात लागलं. मान तोवर पूर्ण बरी झाली होती असं नाही. अजूनही थंडी पडली, काम जास्त झालं की ती दुखते, आणि नंदाबाई तिला "दुक बाई" म्हणते आणि हातातलं काम पुरं करते. पण हे नंतरचं. त्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि झालीची वेळ झाली. चुलत्यांनी शब्द पाळला होता. टोपली परातीएवढी होती. बायकांनी तीत कणकेचे दिवे मांडले, वाती पेटवल्या, कुणीतरी ओरडून पंखे बंद करायला लावले. मंडपात एकदम उकडायला लागलं आणि सगळे गोळा झाले.

अनितानं दोन्ही हातांनी टोपली उचलली. छातीपर्यंत आली. खांद्यापर्यंत आली. तिथं थांबली. उजवा हात थरथरायला लागला आणि दिव्यांच्या ज्योती हलल्या. आणखी वीतभर जायचं होतं. कुणाला काही कळायच्या आत नंदाबाईनं, ज्या बाईला सगळी तुंगार्ली ताठ म्हणत होती तिनं, सगळ्यांदेखत मान खाली वाकवली. टोपलीखाली डोकं नेलं. अनितानं दात आवळून राहिलेली वीत चढवली आणि नंदाबाई झालीसकट सरळ झाली.

एकच गलका झाला. "हलू नका!" "मान हलवू नका विहीणबाई, दिवं विझत्याल!" "सरळ बघा, सरळ!" फोटोवाला पुढून ओरडला, "काकू, इकडं बघा, मान अजिबात हलवायची नाही."

सगळा मंडप तिला मान हलवू नको म्हणून विनवत होता. तिच्या डावीकडं, जरा मागं, समीक्षा उभी होती. तिचा हुंदका नंदाबाईला ऐकू आला. या पोरीला तिनं आजवर फक्त समोरून, सरळ रेषेत पाहिलं होतं. पाया पडताना तर पाहिलंच नव्हतं.

नंदाबाईनं मान वळवली. खांदे जागेवर, पाय जागेवर, नुसती मान, हळूहळू, डोक्यावरच्या सगळ्या दिव्यांना घेऊन. एकही विझला नाही. अनिता दोन्ही हात वर धरून टोपलीबरोबर फिरत आली, आणि हात खाली घ्यायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. दिव्यांचा उजेड समीक्षाच्या तोंडावर पडला. मुंडावळ्या सरकलेल्या, काजळ गालावर उतरलेलं, हनुवटीखाली एक बारीकसा तीळ.

"अगं, मान हलवू नको म्हंत्यात ना!" वन्सं ओरडल्या.

"सात वर्सं न्हाई हलवली," नंदाबाई सुनेकडं बघत मोठ्यानं म्हणाली. "आता माजी सून बघू द्या मला."